काटा हिरव्यात होता: अवजड मशीनच्या टेंपरेचर सेन्सरची गोष्ट

ट्रान्सक्रिप्ट नेहमीसारखीच आहे. बोललो तशीच लिहिली, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे काय ना' काढून टाकले.

आजचा विषय अंगठ्याएवढा आहे. पितळी बूड, वर षटकोनी डोकं, मागे दोन पिनांचा प्लास्टिकचा कनेक्टर. पोकलेन, डंपर, डोझर, ग्रेडर, कुठल्याही अवजड मशीनच्या इंजिनात थर्मोस्टॅटच्या आसपास हा बसवलेला असतो. नाव टेंपरेचर सेन्सर. काम एकच, कुलंट किती तापलंय ते सांगणं.

या भागाला एक कारण आहे, ते आधी सांगतो.

माझं बालपण चंद्रपूरचं. कोळशाच्या खाणी, सिमेंट, थर्मल पॉवर आणि मे महिन्यात ४६-४७ पर्यंत जाणारा पारा. माझे मामा अवजड मशीनचे मेकॅनिक. स्वतःचं छोटं गॅरेज, पण खरं काम साईटवर जाऊन. मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागलो. योगायोग असा की मी ज्या टीममध्ये होतो, तिचं काम गाड्यांचा डेटा स्क्रीनवर दाखवण्याचं होतं. त्यामुळे मामांच्या दृष्टीने मी 'कंप्युटरवाला इंजिनिअर', आणि काही अडलं की फोन मला.

मे महिना होता. दुपारी दोनच्या सुमारास मामांचा फोन आला. एका कंत्राटदाराच्या पोकलेनचा सेन्सर त्यांनी सकाळीच बदलला होता. म्हणाले, "भाच्या, काटा हिरव्यात हाये, पन वास येऊन राहिला बे. गोड गोड. काय करू?" सोबत व्हॉट्सॲपवर मॉनिटरचा फोटो. कुलंट टेंपरेचर ८८.

मी मीटिंगमध्ये होतो. फोटो पाहिला आणि हळू आवाजात म्हणालो, "मामा, ८८ म्हणजे एकदम नॉर्मल. चालू द्या. वास कुठल्यातरी पाइपचा असेल."

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. त्या दिवसानंतर मी या अंगठ्याएवढ्या वस्तूचा इतिहास वाचायला लागलो. मला एवढंच समजून घ्यायचं होतं की आकडा खोटं कसं बोलतो.

जहाजाच्या पोटातली केबल

गोष्ट गाड्यांच्या बऱ्याच आधी, एका जहाजावर सुरू होते.

साल १८६०. रंगून ते सिंगापूर समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकायची म्हणून ती इंग्लंडमध्ये जहाजावर चढवली जात होती. मैलोन्‌मैल लांब केबल, जहाजाच्या पोटात वेटोळी करून ठेवलेली. केबलवरचं आवरण गटापर्चाचं, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनवलेलं. ते उष्णतेने मऊ पडतं आणि मऊ पडलं की आतली तार जागा सोडते. तपासणीचं काम विल्यम सीमेन्स यांच्याकडे होतं. जन्माने जर्मन, राहायला इंग्लंडमध्ये. त्यांना शंका आली की ओल्या केबलचं हे वेटोळं आतून आपोआप तापतंय.

आता प्रश्न बघा. एवढ्या मोठ्या गठ्ठ्याच्या मधोमध काचेचा थर्मामीटर घालणार कसा? घातला तरी वाचणार कोण?

सीमेन्सनी केबलच्या थरांमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी ठेवली आणि तिची दोन टोकं बाहेर काढली. धातू तापला की त्याचा विद्युत रोध वाढतो, हे हंफ्री डेव्ही यांनी १८२१ मध्येच दाखवलं होतं. सीमेन्सनी बाहेर बसून रोध मोजला आणि त्यावरून आतलं तापमान काढलं. आतला भाग खरंच तापला होता. वेटोळ्यावर थंड पाणी ओतलं, तर खालून ते कोमट होऊन बाहेर आलं.

इथे दोन गोष्टी एकत्र घडल्या. उष्णता एकीकडे, आकडा दुसरीकडे, मधे फक्त तार. आजच्या या सेन्सरचा हाच पूर्वज. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सीमेन्सनी आकड्यावर विश्वास ठेवला, पण पाणी ओतून पडताळासुद्धा केला.

१८७१ मध्ये त्यांनी तांब्याऐवजी प्लॅटिनमची तार सुचवली, भट्ट्यांचं तापमान मोजायला. कल्पना उत्तम होती. पण ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या समितीने ते थर्मामीटर तपासले तेव्हा लक्षात आलं की भट्टीत जाऊन आल्यावर त्यांचा मूळ आकडाच सरकतो. तारेला आतल्याआत इतर पदार्थांची बाधा होत होती. सगळ्यांचा विश्वास उडाला, विषय जवळपास बंद पडला.

तो पुन्हा उघडला ह्यू कॅलेंडर यांनी, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत. वय तेव्हा २३-२४, म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा कमीच. १८८७ च्या त्यांच्या निबंधाचं सार असं: तार स्वच्छ ठेवली आणि तिच्यावर ताण येऊ दिला नाही, तर प्लॅटिनम अतिशय विश्वासू आहे. धातूत खोट नव्हती, तो बसवण्याच्या पद्धतीत होती.

हे वाक्य लक्षात ठेवा. मामांच्या पोकलेनकडे जाताना लागेल.

रेडिएटरच्या झाकणावरचा पारा

आता जहाजावरून उतरून शेतात येऊ. १९०४, कॅलिफोर्नियातलं स्टॉकटन. तिथली जमीन इतकी मऊ की जड वाफेचे ट्रॅक्टर चाकांवर चालेनात, रुतायचे. बेंजामिन होल्ट यांनी चाकं काढून पट्टे बसवले. त्या पट्टेवाल्या ट्रॅक्टरला पुढे 'कॅटरपिलर' म्हणजे सुरवंट हे नाव पडलं. १९२५ मध्ये होल्ट आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बेस्ट यांच्या कंपन्या एकत्र आल्या आणि कॅटरपिलर कंपनी झाली. १९३१ मध्ये त्यांनी डिझेल इंजिनाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. माती हलवण्याचं जग तिथून बदललं.

या मशीनना तापमानाची चिंता कारपेक्षा जास्त का? साधं गणित आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा काम करते, एक तृतीयांश धुरासोबत बाहेर जाते आणि उरलेली शरीरातली उष्णता म्हणून राहते. ती कुलंटने बाहेर काढायची. कार पळते तेव्हा समोरून वारा फुकट मिळतो. पोकलेन एका जागी उभी राहून पूर्ण ताकदीने खोदते. वारा फक्त पंख्याचा, त्यात धूळ, आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसणार. चंद्रपूरच्या मे महिन्यात पंखा जी हवा ओढतो तीच ४५ अंशांची असते.

सुरुवातीच्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरला इंजिन तापल्याचं कळायचं कधी? वाफ निघाल्यावर. मग १९१० च्या दशकात अमेरिकेत बॉइस मोटोमीटर नावाची भारी गोष्ट आली. रेडिएटरच्या झाकणावरच एक गोल थर्मामीटर, आत लाल द्रव. ड्रायव्हर काचेतून बघायचा, लाल रेघ वर चढली की गाडी थांबवायचा. ना तार, ना बॅटरी. खराब झाला तर झाकण फिरवून काढा, नवीन लावा. गंमत म्हणजे तो फॅशनचा भाग झाला. लोक झाकणावर पंख, पुतळे लावायचे.

पण त्यात एक आंधळी जागा होती. तो पाण्यात बुडालेला नसायचा, पाण्याच्या वरच्या हवेचं आणि वाफेचं तापमान दाखवायचा. रेडिएटर गळून पाणी खूप खाली गेलं की इंजिन आत भाजत असतानाही तो भलतंच सांगू शकायचा.

ही आंधळी जागा आजही आहे बरं का. कुलंट गळून गेलं आणि सेन्सरचं टोक कोरडं पडलं, तर तो गरम पाण्याला शिवतच नाही. म्हणून मोठ्या मशीनवर कुलंटची पातळी बघणारा वेगळा सेन्सर असतो.

एकाच धाग्यात बांधलेला काटा

पुढचा टप्पा मामांचा आवडता. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर आजही असा एक जुना मीटर लटकतोय.

फ्रान्समध्ये १८४९ साली यूजीन बूर्दोन यांनी एका वाकड्या चपट्या नळीचं पेटंट घेतलं. नळीत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. वाफेच्या इंजिनांसाठी ती दाबमापक म्हणून आली. नंतर कोणीतरी डोकं लावलं: इंजिनात एक छोटा धातूचा बल्ब ठेवू, त्यात लवकर वाफ होणारा द्रव भरू, तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी डॅशबोर्डपर्यंत नेऊ आणि शेवटी बूर्दोनची वाकडी नळी बसवू. इंजिन तापलं, द्रवाची वाफ झाली, दाब वाढला, काटा फिरला. ट्रॅक्टर आणि डोझरवर हा मीटर कितीतरी दशकं होता.

त्याचा त्रास एकच. नळी कुठे दबली, तुटली की सगळं संपलं. बल्ब वेगळा मिळत नाही, काटा वेगळा मिळत नाही. अख्खा संच बदला. मेकॅनिक वैतागायचे, मालक खर्चावरून ओरडायचे.

पण विचार करा. बल्ब आणि काटा कारखान्यातून जोडीनेच यायचे. चुकीचा बल्ब बरोबर काट्याला लावण्याची सोयच नव्हती. मीटर चालायचा किंवा मेलेला असायचा. मधलं काही नसायचं.

मग विजेचे मीटर आले आणि ही जोडी फुटली. इंजिनात सेंडर, डॅशबोर्डवर काटा, मधे साधी वायर. एक बिघडलं तर तेवढंच बदला. स्वस्त, सोपं, सुटसुटीत. आज ज्याला आपण 'रिप्लेसमेंट सेन्सर' म्हणतो तो धंदा इथून उभा राहिला. आणि माझ्या मते मामांची अडचणही इथेच जन्माला आली.

उलट वागणारा पदार्थ

या सेंडरच्या आत काय असतं? इथे मायकेल फॅरडे येतात. १८३३ मध्ये त्यांना सिल्व्हर सल्फाइडमध्ये विचित्र वागणूक दिसली. धातू तापला की रोध वाढतो, हा पदार्थ तापला की रोध कमी होतो. एकदम उलटा. फॅरडेंनी नोंद केली, पण जवळपास शंभर वर्षं त्याचा व्यवहारात फारसा उपयोग झाला नाही.

१९३० मध्ये सॅम्युअल रुबेन या अमेरिकन संशोधकाने या उलट वागण्यावर चालणारी वस्तू बनवली, जिला आपण थर्मिस्टर म्हणतो. हे तेच रुबेन ज्यांच्या बॅटरीच्या शोधातून पुढे ड्युरासेल उभी राहिली. नंतर बेल लॅब्जमध्ये मँगनीज, निकेल वगैरे धातूंची ऑक्साइडं भाजून थर्मिस्टर भरवशाने बनवण्याचं तंत्र बसलं.

वाहनांना हा का आवडला? कारण तो छोटा आहे, स्वस्त आहे आणि तापमान थोडं बदललं तरी त्याचा रोध खूप बदलतो. वाहनांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात २० अंशांना रोध २,५०० ओहम असतो आणि १०० अंशांना फक्त १८६. एवढा मोठा फरक साध्या सर्किटलाही कळतो.

पण याची किंमत अशी की रोध सरळ रेषेत उतरत नाही. वक्र आहे. त्या वक्राचं चांगलं समीकरण स्टाइनहार्ट आणि हार्ट या दोघांनी १९६८ मध्ये दिलं, तेही डीप-सी रिसर्च नावाच्या समुद्रविज्ञानाच्या नियतकालिकात. म्हणजे समुद्राचं तापमान मोजणाऱ्यांच्या पानांत आलेलं गणित आज खाणीतल्या इंजिनांच्या कामी येतं.

आता मुद्द्यावर येतो. सेन्सर तापमान सांगतच नाही. तो फक्त रोध देतो. पलीकडे बसलेल्या कंप्युटरकडे एक तक्ता असतो: इतके ओहम म्हणजे इतके अंश. कंप्युटर डोळे मिटून तक्त्यावर विश्वास ठेवतो.

समजा, मशीनच्या तक्त्यात वर सांगितलेला २,५०० ओहमवाला वक्र आहे. तुम्ही बाजारातून दुसरा आणला, ज्याचा रोध २५ अंशांना १०,००० ओहम. हाही अगदी प्रचलित प्रकार. आटे सारखे, कनेक्टर सारखा, टककन बसतो. दोन्ही सेन्सर आपापल्या जागी शंभर टक्के चांगले. आता पाणी १०० अंशांना उकळतंय. नव्या सेन्सरचा रोध तेव्हा साधारण ६८० ओहम. कंप्युटर आपल्या तक्त्यात ६८० शोधतो आणि सांगतो, साधारण ५५ अंश. इंजिन उकळतंय आणि स्क्रीन म्हणते अजून गरमच झालं नाही!

एवढा मोठा फरक निदान शंका आणतो. खरा घात जवळचा वक्र करतो. वीस अंशांची चूक. काटा छान हिरव्यात.

मशीनने स्वतःच निर्णय घ्यायला सुरुवात केली

१९८० च्या दशकापासून मोठ्या डिझेल इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आला, ज्याला आपण ईसीयू म्हणतो. तोपर्यंत आकडा माणसासाठी होता. माणूस बघायचा, वास घ्यायचा, पाइपला हात लावायचा आणि ठरवायचा. आता आकडा कंप्युटरसाठी झाला. किती डिझेल सोडायचं, पंखा किती जोरात फिरवायचा, ताकद कधी कमी करायची, इंजिन कधी बंद करायचं, सगळं त्यावर. आणि सेन्सर वाढत गेले: कुलंट, ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, आत येणारी हवा. आपल्याकडे एप्रिल २०२१ पासून बांधकाम मशीनना प्रदूषणाचे नवे नियम लागले, धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आली आणि सायलेन्सरच्या बाजूलाही तापमान मोजणारे सेन्सर आले.

हे सगळे आकडे गाडीतल्या गाडीत एकमेकांना पाठवायला जे१९३९ नावाचं प्रमाण आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे तुम्हाला आवडेल. कुलंटचं तापमान तिथे फक्त एका बाइटमध्ये येतं. ० म्हणजे उणे ४० अंश, २५० म्हणजे २१० अंश. २५४ आला तर सेन्सरमध्ये बिघाड, २५५ म्हणजे माहिती उपलब्ध नाही. वायर तुटली तर रोध अनंत होतो, म्हणजे तक्त्याप्रमाणे भयंकर थंडी. ईसीयूला कळतं की हे शक्य नाही, तो फॉल्ट कोड टाकतो.

म्हणजे मेलेला सेन्सर पकडला जातो. चुकीच्या वक्राचा सेन्सर पकडला जाईलच असं नाही. त्याचा आकडा शक्य कोटीतला असतो. एका बाइटमध्ये 'हा सेन्सर कुठून आला' हे लिहायला जागा नाही.

डुप्लिकेट का घेतात?

आता तुम्ही म्हणाल, मग ओरिजिनल घ्यायचा ना. सोपं आहे.

थोडं आपल्याकडे बघू. १९४५ मध्ये मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने कॅटरपिलरची मशीनं इथे विकण्याचा करार केला. १९६४ मध्ये बंगळुरूला सरकारी बीईएमएल उभी राहिली, पुढे जपानी कोमात्सुच्या सहकार्याने डोझर बनवू लागली. आपण ज्याला पोकलेन म्हणतो ते खरं तर पोक्लॅं या फ्रेंच कंपनीचं नाव. एल अँड टी त्यांच्या परवान्याने एक्स्कॅव्हेटर बनवायची. मशीन आलं, कंपनीचं नावच मशीनचं नाव झालं. १९७५ मध्ये कोल इंडिया झाली, तिची वेस्टर्न कोलफील्ड्स नागपुरात बसली, आणि वर्धा खोऱ्यातल्या उघड्या खाणींमध्ये शेकडो मशीनं धावू लागली. अमेरिकन, जपानी, फ्रेंच वंशाची मशीनं एकाच धुळीत. प्रत्येकाचा पार्ट नंबर वेगळा, आटे वेगळे, वक्र वेगळा.

मोठ्या खाणीत स्टोअर असतं, पार्ट नंबर बघून माल येतो. पण एक-दोन जुनी मशीनं घेऊन उतरलेल्या छोट्या कंत्राटदाराचं काय? ओरिजिनल सेन्सर यायला आठवडा. तोपर्यंत मशीन उभं. बँकेचा हप्ता, ऑपरेटरचा पगार, साईटवाल्याचे फोन, काही उभं राहत नाही. म्हणून तो मेकॅनिकला म्हणतो, कुछ भी करो, चालू करो. मेकॅनिक दुकानात जातो, जुना सेन्सर काउंटरवर ठेवतो. दुकानदार आटे जुळवतो, कनेक्टर जुळवतो, "होऊन जाईल" म्हणतो. यात कोणी चोर नाही. आणि बाहेरच्या कंपनीचा प्रत्येक सेन्सर वाईटही नसतो, वक्र जुळवून बनवलेले चांगले सेन्सर मिळतात. अडचण एवढीच की वक्र डोळ्यांना दिसत नाही.

त्या दिवशी

मामांनी माझं ऐकलं. मशीन चालू ठेवलं.

साधारण चाळीस मिनिटांनी इंजिन दमायला लागलं आणि मग बंद पडलं. ऑपरेटर खाली उतरला. काटा हिरव्यात होता, त्यामुळे त्याला वाटलं पाणी कमी झालं असेल. त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं.

झाकणाखाली दाब असतो, म्हणून आतलं पाणी १०० च्या वर जाऊनही पाणीच राहतं. झाकण उघडलं की दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होते. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दोन महिने तो कामावर नव्हता.

इंजिनाचं हेड वाकलं होतं. कंत्राटदाराने मामांचे पैसे दिले नाहीत, ते मी समजू शकतो. पण नंतर त्या साईटचं कामच त्यांच्याकडून गेलं.

मी पुढच्या शनिवारी चंद्रपूरला गेलो. मामांनी तो सेन्सर काढून ठेवला होता. मामींच्या चहाच्या पातेल्यात पाणी उकळलं, सेन्सर दोऱ्याने बांधून त्यात सोडला, मल्टीमीटर लावला. मी लॅपटॉपवर त्या मशीनचा तक्ता उघडला. मीटरवरचे ओहम तक्त्यात ८० च्या ओळीत बसत होते. पाणी उकळत होतं आणि सेन्सर मशीनच्या भाषेत ८० म्हणत होता. मी बसून हिशोब केला. ८८ दाखवत होता तेव्हा आत जवळपास ११० होतं.

मी म्हणालो, "मामा, चूक माझी. मी चालू द्या म्हणालो."

ते म्हणाले, "तू पुन्याहून काय सांगशील बे? वास मले येत होता. पाइपले हात मीच लावाले पाहिजे होता." एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

पण माझं तिथे संपलं नाही. रात्री व्हॉट्सॲपवर मागे गेलो. त्या दिवशी मामांनी दोन फोटो पाठवले होते. दुपारचा ८८ वाला दुसरा होता. पहिला सकाळी सहाचा, सेन्सर बसवून चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधीचा. खाली लिहिलं होतं, "नवीन बसवला." आणि मी अंगठा दाखवला होता.

त्या फोटोत कुलंट टेंपरेचर १७ होतं.

चंद्रपूर. मे महिना. रात्रभर उघड्यावर उभं असलेलं मशीन. पहाटेही हवा तिशीच्या खाली उतरत नाही असे ते दिवस. तिथे जन्मलेल्या मला १७ बघून काहीच वाटलं नाही. मी आकडा आला का एवढंच बघितलं. आकडा खरा असू शकतो का, हे बघितलंच नाही.

तेव्हापासून मामा आणि मी एक पद्धत पाळतो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी मशीन असेल तर उपयोगी पडेल. रात्रभर थंड झालेल्या मशीनची सकाळी फक्त चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही. कुलंट, हायड्रॉलिक ऑइल, आत येणारी हवा, सगळ्यांचे आकडे बाहेरच्या हवेच्या आसपासच असायला हवेत. एक वेगळा बोलत असेल तर तोच संशयित. सेन्सर नवीन असेल तर बसवण्याआधी उकळत्या पाण्यात टाकून ओहम बघायचे आणि पार्ट नंबरच्या तक्त्याशी जुळवायचे. आणि गरम इंजिनाचं झाकण कोणत्याही काट्याच्या भरवशावर उघडायचं नाही.

ऑफिसमध्येही मी आमच्या स्क्रीनवर ही सकाळची तपासणी टाकून घेतली. फार कोड नाही, वीस-पंचवीस ओळी. थंड मशीनचे आकडे आपसात जुळत नसतील तर पिवळी पट्टी येते. पहिल्याच आठवड्यात माझ्या मॅनेजरने विचारलं, ही पट्टी सारखी का येते, लोक घाबरतात. मी म्हटलं, येऊ द्या.

त्या ऑपरेटरचा हात आता बरा आहे. डाग आहेत. मागच्या दिवाळीत मामांच्या गॅरेजमध्ये भेटला, मामांनी त्याला दुसऱ्या साईटवर काम मिळवून दिलंय. मी त्याला सगळं सांगितलं, १७ च्या फोटोसकट. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आता सकाळी चावी फिरवली की पहिले सगळे आकडे बघतो.

आजच्यापुरतं इतकंच. हा भाग एखाद्या ऑपरेटरला, मेकॅनिकला, किंवा माझ्यासारख्या स्क्रीनवाल्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.